गुडघ्याएवढ्या उंचीवरचा दिवा

अंगणातला दिवा किती उंचीवर असावा? या एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे, एवढाच माझा मूळ हेतू होता. माझ्या भाचीने नव्या लेआउटमध्ये घर बांधले आहे. घरापुढे लहानशी बाग, बसायला फरशीचा चौकोन, मग फाटक. तिने पत्रातून विचारले, "मावशी, बाहेर दिवे कोणते लावू? दुकानदार खांबावरचे पांढरे गोळे दाखवतो. हे म्हणतात, ट्यूबलाइट लावून मोकळे होऊ. तू विज्ञानाची बाई, तूच सांग."

मी कागद घेतला आणि शाळेतल्या सवयीने तीन रकाने आखले: उंची, वॅट, आडोसा. पहिल्या रकान्यात 'गुडघ्याएवढी' असे लिहिले आणि थांबले. ते उत्तर माझे नव्हते. ज्यांचे होते, त्यांचे नाव न सांगता ते भाचीला कळवणे म्हणजे शेजारच्या वहीतून गणित उतरवून घेण्यासारखे झाले असते. रकाने तसेच राहिले आणि हे लिहिणे सुरू झाले.

त्यांचे नाव शामराव रामटेके. सगळे त्यांना रामटेके मिस्त्री म्हणत. उत्तर नागपुरात, रेल्वेच्या रुळांपलीकडे ते राहत. एका कापड गिरणीच्या वीजखात्यात वीस-बावीस वर्षे काढून, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतंत्र वायरमन म्हणून काम करू लागले होते. घरातले पंखे, मेन स्विच, लाकडी पट्टीतल्या तारा ही कामे शहरात कितीतरी जण करीत. रामटेकेही करीत. परंतु त्यांचे मन घराबाहेरच्या दिव्यांत होते. याचे कारण मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "घरात माणसाले भिंत ठाऊक असते, बाई. आंधळा असला तरी हात लावून जाते. आंगणात कायले हात लावन? तिथं त्याले उजेडच पाहिजे."

उंच, सडपातळ, किंचित पुढे वाकलेला देह. अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, पायात टायरच्या चपला. सायकलच्या नळीला लांबीला धरून एक बांबू बांधलेला असे. त्यावर वीत-वीत अंतराने निळ्या रंगाच्या खुणा होत्या. हँडलला कंदील लटकलेला असे आणि त्याची काच इतकी घासलेली की, ती आहे की नाही हे बोट लावून पाहावे. विजेचे काम करणारा माणूस रॉकेलचा कंदील घेऊन फिरतो, याचे लोकांना हसू येई. सदऱ्याच्या खिशात टेस्टरशेजारी खडूचा तुकडा असे. आमच्या दोघांच्या धंद्यात सामाईक अशी ती एकच वस्तू.

त्यांची कामाची पद्धत अशी होती. बाहेरचा दिवा लावायचा असेल, तर ते केवळ दिवेलागणीलाच येत. कोणी सकाळी अकराला बोलावले, तर म्हणत, "दिवसा येऊन काय पाहू जी? दिवसाचा दिवा तर लागूनच हाये." आल्यावर ते घरातले आणि बाहेरचे सर्व दिवे बंद करायला लावीत. मग घरातल्या प्रत्येकाने आपापले रोजचे काम करायचे. कोणी दोरीवरचे कपडे काढायचे, कोणी फाटकाला कडी घालायची, कोणी नळाखालची बादली आत आणायची. रामटेके एका कडेला उकिडवे बसून प्रत्येकाच्या पायांकडे बघत. जिथे पाऊल क्षणभर थबकले, तिथे ते उठून फरशीवर खडूने फुली करीत. तोंडाने काही बोलत नसत. एखादी गृहिणी मोठ्या हौसेने म्हणे, "मिस्त्री, आधी आमचे गुलाब तर बघा." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, "गुलाब सकाळी पाहतो जी. आता पाय पाहून राहिलो."

फुल्या पडल्या की कंदील बांबूला अडकवला जाई आणि त्या खुणांवर तो वर-खाली करीत प्रत्येक फुलीपाशी तपासणी होई. त्यांचा एकच निकष होता. दिवा डोळ्यांना दिसला तर चुकला; जमीन दिसली तर बरोबर. काम संपेपर्यंत ते चहा घेत नसत. "चहा पोटात गेला का माणूस यजमानाच्या मनासारखं बोलाले लागते," असे ते सांगत. हा नियम मी पुढे शाळेतल्या तोंडी परीक्षांना लागू केला आणि त्याचा उपयोग झाला, हे येथे नमूद करते.

त्यांचा पहिला प्रश्न मात्र उजेडाविषयी कधीच नसे. ते विचारत, "उन्हाळ्यात खाटा कुठी टाकता?" नागपूरबाहेरच्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ लागणार नाही. आमच्याकडे एप्रिल उजाडला की संध्याकाळी अंगणात पाणी शिंपायचे, खाटा बाहेर काढायच्या आणि जूनपर्यंत सबंध घराने आभाळाखाली झोपायचे, असा रिवाज. गिरणी सोडल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी रामटेक्यांनी एका वकिलांच्या अंगणात डिसेंबरात दिवे लावले होते. सगळे तपासून, फुल्या मारून. एप्रिलात खाटा बाहेर आल्या त्या नेमक्या त्या दिव्यांच्या रांगेत, आणि बारा माणसांच्या बारा उशांवर रात्रभर उजेड. वकीलसाहेबांनी दिव्यांना धोतराचे तुकडे गुंडाळले. रामटेके ही गोष्ट स्वतःच सांगत आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणत, "नागपुरात जन्मलो, नागपुरात वाढलो, अन् उन्हाळा विसरलो! सांगा बरं!"

आता एक गमतीची हकिकत. रामटेके उजेडातून अंधारात जाण्यापूर्वी काही मिनिटे एक डोळा मिटून घेत आणि अंधारात पोचल्यावर तो उघडत. मिटलेला डोळा अंधाराला आधीच सरावलेला असतो, म्हणून त्याला लगेच दिसू लागते. हे शास्त्र त्यांना गिरणीत, उजेडाच्या खात्यातून अंधाऱ्या गोदामात जाता-येता आपोआप सापडले होते. आमच्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात दिवा हवा होता म्हणून मी त्यांचे नाव सुचवले. ते संध्याकाळी आले आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत, लख्ख उजेडात, त्यांच्यासमोर एक डोळा घट्ट मिटून उभे राहिले. बाईंनी दोनदा त्यांच्याकडे पाहिले. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "हे कोण गृहस्थ आणलेत तुम्ही? डोळा मारताहेत माझ्याकडे!"

मी खुलासा केला, पण त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी त्यांनाच पाच मिनिटे एक डोळा पदराने झाकायला लावला आणि मागच्या व्हरांड्यात नेले. तिथे त्या एकेक डोळा आलटूनपालटून उघडू-मिटू लागल्या आणि "अगंबाई, खरंच की!" असे म्हणू लागल्या. तेवढ्यात शाळेचा शिपाई फाटकाची किल्ली मागायला आला. रामटेके त्याला म्हणाले, "थांब गा जरा. मोठ्या बाई डोळे तपासून राहिल्या." दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी तोच प्रयोग घेतला.

धंतोलीतल्या एका डॉक्टरांशी झालेले त्यांचे भांडण मी प्रत्यक्ष पाहिले नाही. ते डॉक्टरीणबाईंकडून कळले. डॉक्टरांना दवाखान्यापुढच्या बागेत रंगीत दिवे हवे होते. हिरवा दिवा क्रोटनमध्ये, लाल कारंज्यात, निळा पाम वृक्षामागे. रामटेक्यांनी बाग पाहिलीच नाही. ते फाटकाबाहेर, नालीवरच्या फरशीजवळ जाऊन बसले. संध्याकाळच्या बसने गावांहून येणारे रोगी त्या फरशीवरून आत येत. कोणाला धरून आणलेले, कोणाच्या कडेवर मूल. रामटेक्यांनी तासाभरात फरशीवर अकरा फुल्या केल्या आणि डॉक्टरांना बाहेर बोलावून त्या दाखवल्या.

डॉक्टर चिडले. म्हणाले, "मिस्त्री, मी तुम्हाला बागेसाठी बोलावले आहे."

"हौ जी. बाग कुठी पळून जाते? हे लोक मात्र इथं पडतीन, अन् मंग तुमच्याच दवाखान्यात येतीन."

"म्हणजे मी माझे रोगी वाढावेत म्हणून अंधार ठेवतो, असे म्हणता?"

"मी कुठी म्हणलो? फुल्या म्हणून राहिल्या."

डॉक्टर हसले, असे डॉक्टरीणबाई सांगतात. मला वाटते ते नंतर हसले असावेत. नालीच्या फरशीवर, खांबाच्या आडोशाला, खालच्या अंगाला एक दिवा लागला. बागेत रंगीत दिवेही लागले; रामटेक्यांनी तेही मनापासून लावले, कारण ज्याची बाग त्याची हौस, इतपत व्यवहार त्यांना कळत होता. हिरव्या दिव्याखाली बसलेला धडधाकट माणूसही आजारी दिसतो, एवढे मात्र ते जाता जाता बोलून गेले.

आता आमच्या घराची गोष्ट सांगते. बाकीच्या गोष्टी ऐकीव किंवा गमतीच्या आहेत. ही तशी नाही.

आमचे घर धरमपेठेत. व्हरांडा, तीन पायऱ्या, मग अंगण आणि बावीस पावलांवर फाटक. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. दररोज संध्याकाळी साडेसहाला ते छत्री घेऊन समोरच्या घरी नानाजींकडे जात. नानाजी त्यांचे शाळासोबती. तिथे रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, त्यांवर वाद घालायचा, बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा आणि आठाला परत यायचे. सासूबाई गेल्यानंतर त्यांचा सगळा दिवस त्या दीड तासाकडे तोंड करून बसलेला असे.

एका संध्याकाळी ते तिसऱ्या पायरीवर पडले. ती पायरी वरच्या दोन पायऱ्यांपेक्षा चार बोटे बुटकी आहे, बांधणाऱ्याची चूक. हाड मोडले नाही. गुडघा सोलवटला आणि मनात भीती बसली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, हे आम्हाला अंदाजाने ठाऊक होते. ते स्वतः कबूल करीत नव्हते. माझ्या यजमानांनी त्यांना हात धरून नेतो म्हटले. मामंजी म्हणाले, "सही घेऊन पोचवायला मी काय रजिस्टर पत्र आहे?" नानाजी म्हणाले, "मी येतो तुझ्याकडे." त्यावर उत्तर आले, "तुझ्याकडचा रेडिओ घेऊन येशील काय?" आणि मग एके दिवशी त्यांनी जाहीर केले की, बातम्यांत आता राम उरलेला नाही. साडेसहा वाजले की ते आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आडवे होत. जेवण कमी झाले. बोलणे त्याहून कमी झाले.

यजमानांनी उपाय केला. फाटकाजवळ लोखंडी नळी उभी केली आणि तिच्या टोकावर, घराच्या दिशेने, दोनशे वॅटचा बल्ब लावला. अंगण दिवसासारखे उजळले. गल्लीतली सारी पाखरे आमच्याकडे राहायला आली. मामंजी व्हरांड्यात आले, दाराची चौकट धरून उभे राहिले, "उत्तम झाले," म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी चौकटीपर्यंतही आले नाहीत.

आम्ही दोघांनी मिळून असा निष्कर्ष काढला की, उजेड अजून कमी पडतो. विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीने काढलेला हा निष्कर्ष होता, हे मी लपवत नाही. दुसरा दोनशेचा बल्ब बसवण्यासाठी रामटेक्यांना बोलावले.

ते आले, सायकल टेकवली आणि नळीच्या टोकाकडे पाहून लगेच मान खाली घातली.

"भाऊसाहेब, हा लट्टू काहून लावला इथं?"

"वडिलांना दिसावे म्हणून," यजमान म्हणाले.

"चोराले दिसते यानं. घरातून निघणाऱ्याले नाही दिसत."

तेवढ्यात बोलणे ऐकून मामंजी बाहेर आले. चौकट धरून, ताठ उभे राहिले. रामटेके पायऱ्यांच्या खाली, डाव्या हाताला उभे होते आणि त्यांच्या मागे तो प्रचंड बल्ब जळत होता. उजवीकडे, तीन-चार हातांवर, कपडे वाळवण्याच्या खांबावर यजमानांचा कोट टांगलेला होता.

मामंजी त्या कोटाकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, "या मिस्त्री. मला अगदी स्वच्छ दिसते आहे, बरं का. तुम्ही उगीच आलात."

मी तोंडावर हात ठेवला. यजमान पुढे होऊन काहीतरी सांगणार, तोच रामटेक्यांनी त्यांना हाताने थांबवले. मग चपला तिथेच ठेवून, पावलांचा आवाज न करता, ते चार हात उजवीकडे सरकले, कोटाच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि तिथून बोलले, "नमस्कार मास्तरसाहेब. तुमाले दिसते ते चांगलंच हाये. मले दिसत नाही इथं. डोळे दिपून राहिले माहे. जरा मदत करता का?"

मी अनेक शिक्षक पाहिले आहेत. विद्यार्थ्याची चूक वर्गाला कळू न देता दुरुस्त करणारा दुसरा कोणी पाहिलेला मला आठवत नाही.

मामंजींना मदत करायला आवडत असे. चाळीस वर्षे खिडकीमागे बसून त्यांनी तेच केले होते. ते वरच्या पायरीजवळ खुर्ची टाकून बसले. बल्ब बंद झाला. थोडा वेळ सगळे नुसते थांबलो, अंधार डोळ्यांत मुरेपर्यंत. रामटेक्यांनी उन्हाळ्यातल्या खाटांची चौकशी केली. खाटा कडुनिंबाखाली, हे कळल्यावर ती बाजू त्यांनी सोडून दिली. मग कंदील बांबूला लावून पहिल्यांदा उंच, पुरुषभर उंचीवर धरला.

"सांगा मास्तरसाहेब. पायऱ्या किती?"

"तीन. मी या घरात तीस वर्षे राहतो आहे."

"ठाऊक हायेत ते नका सांगू जी. दिसते तेवढ्याच सांगा."

मामंजी खुर्चीतून पुढे झुकले. कंदील एक खूण खाली आला. पुन्हा तोच प्रश्न. आणखी एक खूण. कंदील फाटकाच्या बाजूने हलवून घराच्या बाजूला, पायऱ्यांच्या डाव्या टोकाशी आला. रामटेक्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्याचा कापलेला पत्रा त्याच्यापुढे असा धरला की, ज्योत आमच्यापैकी कोणालाच दिसेना. कंदील कमरेपर्यंत आला. मग गुडघ्यापर्यंत.

"थांबा," मामंजी म्हणाले.

रामटेके जागच्या जागी थांबले.

"एक काळी रेघ दिसते. मग दुसरी. आणि ती... तिसरी. ती बुटकी आहे."

जे घडले त्याचे स्पष्टीकरण देणे माझे कर्तव्य आहे. फाटकाकडून, समोरून येणारा उजेड पायरीच्या आडव्या आणि उभ्या भागांवर सारखाच पडतो. तिन्ही पायऱ्या मिळून एकच पांढरी फरशी वाटते. शिवाय तो उजेड सरळ डोळ्यांत शिरतो, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यात शिरलेला प्रखर उजेड धुक्यासारखा पसरतो. दिवा घराच्या बाजूला आणि खाली असला, तर प्रत्येक पायरीची सावली तिच्याखालच्या पायरीवर पट्टीसारखी पडते आणि कड उठून दिसते. म्हणजे आम्ही उजेड वाढवीत होतो, आणि मामंजींना हवी होती सावली. शिवाय दिवा एका टोकाला असला म्हणजे चालणाऱ्याची स्वतःची सावली पायापुढे येत नाही. दोनशे वॅटने जे साधले नाही, ते रॉकेलच्या एका वातीने साधले.

"आता चालून पाहू काय?" यजमान उत्साहाने म्हणाले.

मामंजींचा चेहरा पुन्हा मिटला. रामटेके माझ्याकडे वळले. "बाई, आता चहा होऊन जाऊ द्या. भाऊसाहेब, तुम्हीबी चला आत. मले आतला मेन पाहायचा हाये." मेन स्विच व्हरांड्यातच होता, हे त्यांनी मघाशीच पाहिले होते. कंदील त्यांनी दोन विटांवर ठेवला, पत्रा त्याला टेकवला, आणि आम्हा दोघांना स्वयंपाकघरात नेऊन दाराकडे पाठ करून उभे केले.

आम्ही तिघे स्टोव्हकडे पाहत उभे होतो. बाहेर खुर्ची सरकली. मग एक चप्पल वाजली. दुसरी. तिसऱ्या पायरीशी थांबली, इतकी थांबली की यजमान वळू लागले. रामटेक्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग अंगणाच्या फरशीवर चपलांचा सरळ, एकसारखा आवाज सुरू झाला. मी मनातल्या मनात मोजत होते. बावीसनंतर फाटकाची कडी वाजली. आणि रस्त्यापलीकडून नानाजींचा आवाज आला, "अरे, तू? काठी नाही, छत्री नाही, असाच आलास?"

"बातम्या संपल्या काय?" मामंजींनी विचारले.

"संपल्या केव्हाच."

"मग काय झाले ते सांग. मी ऐकायला आलोय, जेवायला नाही."

रामटेके स्टोव्हकडे पाहतच म्हणाले, "चहात साखर जरा जास्त टाका, बाई."

पुढच्या आठवड्यात दोन दिवे लागले, चाळीस-चाळीस वॅटचे. एक पायऱ्यांच्या टोकाशी आणि एक फाटकाच्या आतल्या अंगाला, दोन्ही गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन्हींवर पत्र्याची झापड. लोखंडी नळीवर आम्ही मधुमालतीचा वेल चढवला. रामटेक्यांनी काम संपवताना मामंजींना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "मास्तरसाहेब, मी लट्टूचा माणूस. दिव्याची काच धूसर झाली तर पुसतो. डोळ्याची काच माह्या हातातली नाही. हा दिवा म्हणजे दवा नव्हे. धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरकडे जा."

हे आम्ही दोन वर्षे सांगत होतो. आमच्या तोंडून ते काळजीसारखे येत असे, आणि काळजीचा मामंजींना तिटकारा होता. रामटेक्यांनी ते आपल्या कामाची मर्यादा म्हणून सांगितले. आपल्या अखत्यारीबाहेरचे पत्र योग्य कचेरीकडे पाठवणे मामंजींना पटत असे. थंडी सुरू होताच त्यांनी आपणहून एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पट्टीचे दिवस कुरकुरत गेले. मग जाड भिंगांचा, काळ्या काड्यांचा चष्मा आला, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवरची धूळ मला नावानिशी सांगितली जाऊ लागली.

लावलेला दिवा काही काळाने पुन्हा पाहायला येण्याची रामटेक्यांची रीत होती. त्याप्रमाणे ते फेब्रुवारीत, दिवेलागणीला आले. मामंजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "रामटेकेजी, तुम्ही एवढे उंच आहात, हे मला आज समजते आहे."

रामटेके ओशाळून हसले. मग उकिडवे बसून मामंजींची पावले पाहू लागले. पायऱ्या, अंगण, फाटक, आणि परत. त्यांनी खिशातून खडू काढला नाही. उठून पायऱ्यांजवळचा चाळीसचा बल्ब काढला, तिथे पंचवीसचा लावला आणि काढलेला माझ्या हातात दिला.

"आता एवढा कशाले, बाई? पुरते हा."

चहा झाला. ते निघाले तेव्हा मामंजी म्हणाले, "चला, कोपऱ्यापर्यंत येतो." रामटेके सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालू लागले. मी फाटकाशी उभी होते. रस्त्यावरचे दिवे त्या दिवशी गेलेले होते. आमच्या फाटकाचा उजेड चार पावलांवर संपत होता आणि पुढे नुसती करडी संध्याकाळ होती. ते दोघे त्या उजेडाबाहेर पडले, थांबले नाहीत. मामंजी हातवारे करून काहीतरी सांगत होते, रामटेके मान वाकवून ऐकत होते, आणि मधूनच "हौ जी, हौ जी" असे ऐकू येत होते. कोपऱ्यावर पोचूनही मामंजी परत वळले नाहीत. दोघे तसेच बोलत पुढे गेले.

त्यानंतर रामटेके मला दिसले नाहीत. त्या वर्षीच ते भंडाऱ्याकडे मुलाजवळ राहायला गेले, असे कळले.

अंगणातला दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर, घराच्या बाजूला आणि डोळ्यांआड असावा, हे माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु ते एका घरात, तीन पायऱ्यांवर आणि एका वृद्ध माणसाच्या डोळ्यांवर तपासलेले उत्तर आहे. आपले अंगण वेगळे असेल, पायऱ्या वेगळ्या असतील. म्हणून वाचकांना विनंती आहे की, दिवे विकत आणण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातले सगळे दिवे बंद करावेत, एक कंदील घेऊन तो उंचावरून हळूहळू खाली आणावा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला काय दिसते, हे स्वतः तपासून पाहावे.